बाळ झोपलेलं असताना घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर

...आणि विचारलं कोणाला? तर ह्यांना! मी समोर उभी, पाठीवर गिटारची पिशवी, पोटाशी ओढणीने बांधलेलं सहा महिन्यांचं बाळ, म्हणजे पुढूनही भरलेली आणि मागूनही भरलेली, आणि तो गिटारच्या दुकानातला पोनीटेलवाला माझ्या खांद्यावरून मान लांब करून आमच्या ह्यांना विचारतो, "सर, तुम्ही कुठल्या टाइपचं म्युझिक वाजवता?" अहो, हे! ह्यांनी उभ्या आयुष्यात वाजवली असेल तर दाराची बेल, आणि तीसुद्धा किल्ली विसरले म्हणून! हे फ्रिज दुरुस्त करतात हो. पण पुरुष आहेत ना, मग गिटार त्यांचीच असणार, मी आपली हमाल. हे बिचारे म्हणाले, "मी नाही, ही वाजवते." तर तो हसला. आणि हसून परत ह्यांनाच म्हणाला, "अच्छा, मॅडमसाठी काहीतरी हलकंफुलकं दाखवू का?" तुम्हाला सांगते, अशी तिडीक गेली ना डोक्यात! चांगलं खडसावून सांगणार होते त्याला... पण बाळ झोपलेलं! आता झोपलेल्या बाळाला छातीशी बांधून कोणाशी भांडता येतं का? भांडून बघा एकदा. कुजबुजत भांडण होत नाही. कुजबुजत फक्त चहाडी होते.

आता तुम्ही म्हणाल, सहा महिन्यांचं पोर घेऊन ही बाई गिटारच्या दुकानात मरायला गेली कशाला? सांगते. मी शर्टाच्या कारखान्यात कॉलर लावते. चार वर्षं कॉलरच लावते. आणि आमच्या कारखान्यात बायकांचा गाण्याचा ग्रुप आहे. सुपरवायझरबाई गातात, कटिंगमधली एक साधी गिटार वाजवते, पॅकिंगमधल्या मावशी ड्रम बडवतात आणि मी बेस. बेस म्हणजे ती चार जाड तारांची गिटार. गाणं ऐकताना जी कानाला नीट कळत नाही पण छातीत धडधडते ती. माझ्या दादाची आहे ती. तो कामासाठी लांब गेला तेव्हा मला देऊन गेला. म्हणाला, "सहा तारांची तुला झेपायची नाही, सातवीत शाळा सोडलीस. ही चारच तारांची आहे, घे." मी घेतली. राग नाही आला, कारण खरंच चार तारा पुरतात हो. आणि कॉलरच्या मशीनवर पाय ठेवला की एक ठेका सुरू होतो, टाका-टाका-टाका-थांब, कापड फिरव, टाका-टाका. तोच ठेका मी तारांवर घेते. मला शिकवलं ते मशीनने, लोकांना उगाच वाटतं दादाने.

तर काय झालं, बाळंतपणाची रजा संपवून मी परत कामावर गेले, आणि बघते तर माझ्या मशीनवर दुसरीच बसलेली! माझी खिडकीजवळची जागा गेली. डबा ठेवायच्या फळीवर माझा कोपरा होता, तिथे कोणाची तरी छत्री. पिशवी अडकवायची खुंटी, तीसुद्धा गेली हो, खुंटी! सहा महिने बाई दिसली नाही की लोक तिची खुंटीसुद्धा वाटून घेतात. मी म्हटलं जाऊ दे, ग्रुपमधली जागा तर आहे ना आपली? तर तिथेही एक बटणवाली येऊन उभी! काज-बटण करते म्हणून बटणवाली. तिच्याकडे कीबोर्ड आहे. डाव्या हाताने बेस वाजवते, उजव्या हाताने गाणं वाजवते आणि तोंडाने सुपरवायझरबाईंचं कौतुक करते. सुपरवायझरबाई म्हणाल्या, "असं करू, दोन आठवड्यांनी शनिवारी दोघी वाजवा. जी बरी वाटेल तिला वार्षिक कार्यक्रमाला घेऊ. आणि हो, हॉलमधला जुना स्पीकर जळलाय, तेव्हा ज्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याने आणायचा."

झालं! बटणवालीच्या कीबोर्डला स्पीकर आतच. माझ्या गिटारला काय? नुसती वाजवली तर माशी बाटलीत अडकल्यासारखा आवाज येतो. घरी मी तशीच वाजवायचे, कानाला लावून. सासूबाई म्हणायच्या, "एवढ्या जाड तारा! दोन ओल्या चादरी आरामात वाळतील." तर आता अ‍ॅम्प्लिफायर हवा. खिशाला झेपेल असा, शनिवारच्या आत, आणि आयुष्यातला पहिला. कुठला घ्यावा कोणाला विचारणार? दादाला निरोप पाठवला, तर त्याचं दोन शब्दांत उत्तर, "वॉट बघ." वॉट बघ! अरे बाबा, बघते, पण किती बघू? पुढे लिही की! नाही. त्याचा फोन तीन दिवस बंद.

मग आमच्या ह्यांनी फोनवर व्हिडिओ बघायला घेतले. जेवताना बघायचे, दात घासताना बघायचे. एक जण म्हणतो, "मित्रांनो, पहिला अ‍ॅम्प छोटाच घ्या, सगळे मोठा घेऊन पस्तावतात." पुढचा म्हणतो, "मित्रांनो, पहिलाच मोठा घ्या, सगळे छोटा घेऊन पस्तावतात." म्हणजे पस्तावायचं नक्की आहे, फक्त आकार आपण निवडायचा! तिसरा एक तासभर बोलला आणि शेवटी म्हणाला, "हे सगळं शेवटी तुमच्या गरजेवर अवलंबून आहे." अहो, माझ्या गरजेवर अवलंबून आहे हे मला माहीत होतं म्हणूनच तर तुला विचारलं ना रे! आणि आमचे हे सगळं कसं तोलतात, तर वीजबिलावर. म्हणाले, "हे बघ, जेवढे वॉट जास्त तेवढं बिल जास्त. फ्रिजचं तसंच असतं." मी म्हटलं, फ्रिज वाजवायचा असता तर तुम्हालाच विचारलं असतं.

खरं सांगू का, मला धास्ती निराळीच होती. बिलाची नाही, बाळाच्या कानाची. लहान बाळाचा कानाचा पडदा म्हणजे कांद्याच्या सालीएवढा पातळ असतो. हे मला दवाखान्यात नर्सबाईंनी सांगितलं. म्हणजे नर्सबाईंनी नाही, नर्सबाईंच्या केबिनबाहेर माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईने. पण ती इतकं ठासून बोलत होती की मला ती नर्सच वाटली. तेव्हापासून मी घरात कुकरची शिट्टी होऊ देत नाही. शिट्टी यायच्या आधी गॅस बंद करते. भात कच्चा राहतो. हे चावून खातात, चांगले आहेत स्वभावाने.

तर दुकानात जायचं ठरलं त्या दिवशी बाळ सासूबाईंकडे राहणार होतं. ऐन वेळी सासूबाईंचा गुडघा धरला. गुडघ्याला बरोबर कळतं हो सुनेला कधी बाहेर जायचंय ते. मग घेतलं बाळाला बरोबर. रिक्षात रडलं, उतरल्यावर रडलं, दुकानाच्या पायरीवर रडलं, आणि आत पाऊल टाकलं तसं... गाढ! काचेचं दार बंद, आत गारवा, भिंतीभर गिटारी टांगलेल्या, आणि बाळ झोपलेलं! मी नाकाखाली बोट धरून बघितलं. श्वास चालू. परत बघितलं. चालू. ह्यांना म्हटलं, "तुम्ही बघा एकदा." ते म्हणाले, "आत्ताच बघितलंस ना?" म्हटलं, "ते मगाशी."

पोनीटेलवाल्याने एक छोटासा खोका पुढे ओढला. नवा कोरा, काळा कुळकुळीत, वर हिरवा दिवा. पाटाएवढा. "हा वीस वॉट," म्हणाला, "बिगिनर लोकांसाठी बेस्ट." शेजारी दुसरा, जरा मोठा, "हा चाळीस वॉट, याचा टोन एकदम वॉर्म आहे." मी हात लावून बघितला, गार होता. आणि कोपऱ्यात, जमिनीवर, एक भलामोठा जुना खोका, आमच्या कोळशाच्या पेटीसारखा, पुढचं कापड फाटलेलं, एक चाक गेलेलं. त्याच्या मागे एक काका बसलेले, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात झाळण्याची सळई. ते काहीतरी जोडत होते, वर बघितलंसुद्धा नाही. पोनीटेलवाला म्हणाला, "तो सोडा, तो जुना माल आहे, किंमत या छोट्याएवढीच, पण कोण घेणार?"

आणि मग तो बसला ना वाजवून दाखवायला! तुम्हाला सांगते, काय आविर्भाव! केस मागे टाकले, डोळे मिटले, ओठ असे चावले जसा काही दाढेत खडा आलाय, आणि बटण फिरवायला हात नेला. मी झडप घालून त्याचा हात धरला! परक्या पुरुषाचा हात! ह्यांच्यासमोर! "हळू!" म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, बेस आहे, थोडा तरी व्हॉल्यूम..." म्हटलं, "हळू हो दादा. बाळ झोपलेलं आहे." त्याने बटण एकवर ठेवलं. म्हटलं, "अजून हळू." तो म्हणाला, "एकच्या खाली शून्य असतं मॅडम." म्हटलं, "एक आणि शून्याच्या मध्ये कुठेतरी ठेवा की! एवढी जागा आहे!"

ठेवलं त्याने. वाजवलं. घूं... असा आवाज आला. छान होता हो. मऊ. शेजारच्या घरात कोणीतरी कूस बदलावी तसा. मग चाळीसचा लावला, तोही एक आणि शून्याच्या मध्ये. घूं... तसाच! मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हे उठले, खोक्याच्या मागे कान लावला, बोटाने टकटक केलं, आणि म्हणाले, "आतून कंपन नाहीये. चांगला आहे." फ्रिज तपासल्यासारखं! मग म्हटलं, तो कोपऱ्यातला जुनाही ऐकून बघू, ऐकायला काय जातं? तोही लावला. घूं... तुम्हाला सांगते, तिन्ही सारखे! तीन पातेल्यांत एकच दूध! पोनीटेलवाला म्हणतो, "मॅडम, फरक कळतोय ना? याला पंच आहे." म्हटलं, कसला पंच नि कसलं काय, आणि असला तर घरात लहान मूल आहे, नकोच मला.

तेवढ्यात ते झाळणारे काका उठले. पहिल्यांदाच त्या दुकानात कोणीतरी मला कामाचं विचारलं. म्हणाले, "बाई, तुम्ही कुठे वाजवणार हा?"

म्हटलं, "कारखान्यात. कँटीनमध्ये. ग्रुप आहे आमचा."

"ग्रुपमध्ये ड्रम आहेत?"

"आहेत की. पॅकिंगमधल्या मावशी वाजवतात."

"कशा वाजवतात?"

"खोक्याला खिळे ठोकतात तशा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "मग हा जुना घ्या. शंभर वॉट आहे, स्पीकर बघा केवढा, परातीएवढा. दिसायला वाईट आहे, कापड मी बदलून देतो. हा छोटा घरात बसून वाजवायचा आहे, ड्रमपुढे टिकायचा नाही."

मी म्हटलं, "पण काका, आवाज तर तिन्हीचा सारखाच येतोय."

काका म्हणाले, "सारखाच येणार. तुम्ही तिघांनाही तोंडावर हात ठेवून बोलायला लावताय. जरा मोठ्याने लावून बघा."

म्हटलं, "मोठ्याने कसं लावू? बाळ झोपलेलं आहे!"

आणि काका काय म्हणाले माहितीये? शांतपणे म्हणाले, "बाई, बाळ उठलं तर परत झोपेल. अ‍ॅम्प्लिफायर गेला की आम्ही परत घेत नाही."

आता तुम्हीच सांगा! पटत होतं हो मला. मनातून पटत होतं. बोट त्या बटणावर ठेवलंसुद्धा होतं मी. एकदाच फिरवायचं, एक सेकंद, घण्ण करून ऐकायचं, आणि सोडून द्यायचं. पण खाली बघितलं तर बाळाचा कान अगदी वर आलेला, एवढासा, गुलाबी, कडेने लव. कांद्याची साल! आणि माझ्या डोळ्यापुढे आलं, हे मोठं झालंय, शाळेत पहिल्या बाकावर बसलंय, बाई विचारतायत आणि याला ऐकूच येत नाहीये, आणि सासूबाई सगळ्यांना सांगतायत, "लहानपणी आईने गिटारच्या दुकानात नेलं होतं." काढलं बोट. आणि वर हे कानात कुजबुजले, "तो शंभर वॉटचा उचलणार कोण? तीन मजले! आणि शंभर वॉट म्हणजे..." म्हटलं, "बिल. कळलं." वीस वॉट म्हणजे कसं, बल्बाएवढं. बल्बाने कोणाचा कान गेलाय का आजवर? घेतला वीस वॉट. काका पुन्हा बसले आपल्या सळईपाशी. पोनीटेलवाल्याने पावती केली आणि दिली कोणाला? ह्यांना. वर म्हणाला, "सर, मॅडमना एन्जॉय करायला सांगा."

आणि दुकानाच्या बाहेर पाय ठेवला, समोरून एक ट्रक हॉर्न मारत गेला, असा हॉर्न की माझे दात हलले, आणि बाळ? झोपलेलं! ढिम्म हललं नाही! मी तिथेच फुटपाथवर उभी राहून नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू. हे म्हणाले, "म्हणजे मघाशी मोठ्याने लावलं असतं तरी चाललं असतं." अशा वेळी नवऱ्याने खरं बोलायचं नसतं, हे कुठल्या शाळेत शिकवतात का? मी सातवीपर्यंतच गेले, पुढच्या वर्गात असेल.

घरी मात्र काय सुरेख वाजायचा! संध्याकाळी कामावरून आलं की बाळाला मधल्या खोलीत निजवायचं, दार लोटायचं, दाराच्या फटीला गोधडी लावायची आणि एक आणि शून्याच्या मध्ये ठेवून वाजवायचं. सासूबाई आल्या, बघितलं, वरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सपाट आहे, इस्त्रीचे कपडे ठेवायला बरं पडेल." पण दोन दिवसांनी त्याच भाजी निवडायला तिथे येऊन बसायला लागल्या. देठ मोडायच्या ते बरोबर ठेक्यावर. मी मनात म्हटलं, बास! सासूबाईंचा देठ ठेक्यावर मोडतोय, म्हणजे सुपरवायझरबाई काय चीज आहे! जागा आपलीच.

उजाडला शनिवार. अर्धा दिवस काम, मग कँटीनमध्ये टेबलं भिंतीला लावली. बाळ घरी, सासूबाईंकडे, गुडघा त्या दिवशी नेमका ठणठणीत. मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा सासूबाई म्हणाल्या, "आता फोन केलास तर त्याच्या आवाजाने उठेल." ठेवला.

आधी बटणवाली बसली. कीबोर्डचा आवाज काय, कँटीनभर! डाव्या हाताने ढुम ढुम ढुम, सगळं लखलखीत ऐकू येतंय. पण तुम्हाला सांगते, दुसऱ्या कडव्याला डावा हात गेला भलतीकडेच! गाणं चाललंय एका गल्लीतून आणि हिचा बेस दुसऱ्या गल्लीत पत्ता विचारतोय! पॅकिंगमावशी हसल्या. चहावाल्याने वळून बघितलं. अहो, दारातल्या वॉचमनने मान आत घातली, "काय पडलं?" बटणवाली लाल झाली. मला वाईट वाटलं. म्हणजे, पोटभर वाईट वाटलं.

मग माझी पाळी. ठेवला माझा पाटाएवढा खोका, लावली वायर, हिरवा दिवा पेटला. आज मी मनाशी ठरवून आले होते, आज बाळ नाही, कोणी नाही, आज बटण थेट पाचवर! नाही, सातवर! पॅकिंगमावशींनी काठ्या उचलल्या, एक दोन तीन चार... आणि धडाम!

गेले मी. गेलेच! मावशींनी पहिला ठोका दिला आणि मी त्या आवाजात, भर रस्त्यात रुपया पडावा तशी गेले. बटण आठ केलं. नऊ केलं. पूर्ण फिरवलं, पुढे फिरेना. खोका आतून थरथरायला लागला, हिरवा दिवा लुकलुकायला लागला, फर्रर्र असा काहीतरी फाटका आवाज माझ्या पायाला जाणवला, कानाला नाही. मी वाजवत होते हो! बोटं बरोबर पडत होती, एकही चुकत नव्हतं, चार वर्षांच्या कॉलरींचा ठेका होता त्यात, बाळंतपणाच्या रजेत बाळाला मांडीवर निजवून हवेत बोटं फिरवलेली होती त्यात... आणि ऐकू कोणाला येतंय? मला स्वतःलाच नाही! ते झाळणारे काका डोळ्यासमोर आले. चष्मा पुसत होते.

आणि मग एक गंमत झाली. तिसऱ्या कडव्याला मावशींच्या हातातून काठी सटकली. गेली गडगडत टेबलाखाली. मावशी वाकल्या, कटिंगवाली थांबली, सुपरवायझरबाईंचा श्वास संपला होता म्हणून त्याही थांबल्या. आणि त्या शांततेत, तुम्हाला सांगते, चार ठोके, मोजून चार, माझा बेस वाजला. फाटका का होईना, पण माझा! कँटीनच्या फरशीतून आला. स्टीलचे पेले किणकिणले हो फळीवर! अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, ऐका बायांनो, ऐका, ही मी!

सुपरवायझरबाईंनी हात वर केला. "थांबा, थांबा," म्हणाल्या. "ही पाण्याची मोटर कोणी लावली मध्येच?"

मी थांबले.

"हां, बंद झाली," म्हणाल्या. "चला, सुरू करा."

काय करणार? मावशींना काठी सापडली, धडाम सुरू झालं, गाणं संपलं. मी वायर गुंडाळायला घेतली. म्हटलं, झालं. मशीन गेलं, खिडकी गेली, खुंटी गेली, आता हेही गेलं. डोळ्यात पाणी यायला लागलं, पण म्हटलं बटणवालीसमोर नाही रडायचं, खाली वाकून मी प्लगच काढत बसले, एक प्लग किती वेळ काढायचा त्याला काही मर्यादा असते. आणि वरून सुपरवायझरबाईंचा आवाज आला, "कॉलरवालीला घ्या."

मी वर बघितलं. मला वाटलं थट्टा करतायत.

"काय सुरेख वाजवलंस गं!" म्हणाल्या. "एक चूक नाही! ही बटणवाली कुठे चुकली ते वॉचमनला कळलं. तुझं काही म्हणजे काही कळलं नाही. बेस असावा तर असा. गाणाऱ्याच्या मध्ये मध्ये येत नाही." पॅकिंगमावशी म्हणाल्या, "फार समजूतदार वाजवते हो पोरगी." कटिंगवाली म्हणाली, "बाळ झाल्यावर हात किती हलका झाला नाही हिचा?" आणि बटणवाली, तीसुद्धा आली जवळ, हळूच म्हणाली, "ताई, मला शिकवाल का?" काय शिकवू? न ऐकू येणं शिकवू?

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे आधी हसले, मग माझं तोंड बघितलं. म्हणाले, "त्या काकांकडे जाऊन येतो. तो मोठा अजून तिथेच असेल. दोन जादा कामं धरतो, बिलाचं बघू. तीन मजले मी चढवतो." म्हणाले, हे! वॉट म्हटलं की ज्यांना मीटर दिसतो ते! मला इतकं भरून आलं की म्हटलं, या घेऊन, आत्ताच या.

मग बसले आणि विचार केला. म्हणजे बघा हं. मोठा घेतला की मी ऐकू येणार. ऐकू आले की कधीतरी चुकणार, माणूस आहे. चुकले की वॉचमन मान आत घालणार. आणि नाही चुकले तरी गाणाऱ्याच्या मध्ये मध्ये येणार, ते सुपरवायझरबाईंना खपायचं नाही. बटणवाली टपून बसलीच आहे, स्पीकर आतच असलेली. म्हणजे ह्यांनी राबायचं, तीन मजले शंभर वॉट चढवायचे, कशासाठी? तर माझी जागा जावी म्हणून!

हे दारात चप्पल घालून उभे. "मग? जाऊ ना?"

म्हटलं, राहू द्या हो. मी मनापासून वाजवते, त्या मनापासून ऐकत नाहीत... कधी नव्हे ते सगळ्यांचं पटलंय.